बंडीच्या खिशातला उजेड

मोर्शीकडच्या संत्राबागेतला रात्रीचा अंधार नुसता काळा कधीच नसतो. त्यात ओल्या मातीचा वास असतो, पाटातल्या पाण्याची खळखळ असते, आणि आंबिया बहार धरलेला असला तर जानेवारी सरता सरता, ताण तोडून पाणी सुरू झालं आणि कळ्या उकलू लागल्या, की तो अंधार चक्क गोड होतो, इतका गोड की तोंडानंही श्वास घ्यावासा वाटतो. त्या अंधारातून बेताबेतानं सरकत जाणारा एक निळसर उजेड मला अजून दिसतो. बॅटरीचा नव्हे. बॅटरी मोठेबाबांच्या हातात असायची, पिवळी, मिणमिणती, साप-विंचवापुरती. हा उजेड त्यांच्या बंडीच्या खिशातून यायचा, कापडातून गाळून, छातीच्या डाव्या अंगाला, जेमतेम अंगठ्याएवढा. आणि त्याच्यासोबत खंजिरी वाजत यायची.

ती भारनियमनाची वर्षं होती. शेतातली लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात घरातलं कोणीतरी फावडं खांद्यावर टाकून बागेत जायचंच. एक आळं भरलं की पाट फोडायचा, पाणी दुसऱ्या झाडाकडे वळवायचं, आणि हे पहाटेपर्यंत. रानडुकरं आणि रोही यांच्याशी ओळख असलेल्या माणसाला भीती वाटत नाही असं आपण म्हणतो. पण एकटेपण वेगळं असतं. ते फावड्यानं वळत नाही.

चुलतभावानं अमरावतीहून एक एमपीफोर आणला तो याच सुमाराला. तेव्हा हे चिनी खेळणं गावोगाव पोचलं होतं: काडेपेटीहून थोडं मोठं, पुढे दीड-पावणेदोन इंचांचा पडदा, सोबत इअरफोनची गुंतलेली वायर आणि एक चिमुकली सीडी. नाव एमपीफोर, पण एमपीफोरची फाईल टाकली तर ते मुकाट्यानं नाही म्हणायचं. त्याला हवी असायची एएमव्ही, त्याच्याच घराण्यातली एक चिमुकली फाईल. आणि ती तयार करायचं यंत्रसामान त्या चिमुकल्या सीडीत. घरात कॉम्प्युटर कळणारा मीच, म्हणून मोठेबाबांनी सत्यपाल महाराजांच्या कीर्तनाची व्हीसीडी माझ्या हातात दिली. "हे याच्यात भरून दे बापू," एवढंच म्हणाले, जणू घागरीतलं पाणी तांब्यात ओतायचं होतं.

मला ते ओतणं आठवतं ते आवाजानं. सीडी ड्राइव्हमध्ये जायची, आधी कण्हल्यासारखी फिरायची, मग सूर धरायची. सीपीयूचा पंखा हळूहळू चढत जायचा. बाहेर दुपार, अंगणात वाळत घातलेली तूर, आणि आत ती हिरवी पट्टी एकेका टक्क्यानं पुढे सरकत असायची. तासाभराचं कीर्तन उतरायला तासाहून जास्त वेळ लागायचा. मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. घरातल्या बायका संध्याकाळी देवापाशी दिवा लावायच्या, मी दुपारीच लाईटीला हात जोडून बसायचो, ऐंशी टक्क्यांनंतर तरी जाऊ नकोस म्हणून.

पडद्यावर त्या वेळी काय घडत होतं ते मला नंतर नीट उमगलं. व्हीसीडीतलं चित्र मुळातच लहान, 352 बाय 288 ठिपक्यांचं. ते 160 बाय 120 वर आणायचं म्हणजे पाचांतल्या साधारण एकाच ठिपक्याला जागा, बाकीचे चार उंबऱ्याबाहेर. व्हीसीडी सेकंदाला 25 चित्रं दाखवते; त्या खेळण्याला 12 झेपायची, फार तर 16. आणि एएमव्ही प्रत्येक चित्र वेगळं, सुटं बांधून ठेवते, मागच्या चित्रावरून पुढच्याचा अंदाज बांधायचं शहाणपण तिला नाही, त्यामुळे एवढं खरवडूनही फाईल काही फार हलकी होत नाही. चित्राचा दर्जा चढवावा तर मेमरी भरते, उतरवावा तर महाराजांच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. मी दुपारच्या दुपार या दोन टोकांमध्ये घालवल्या, आणि खरं सांगायचं तर त्या सुखाच्या होत्या.

कारण माझा जीव अडकला होता महाराजांच्या हातांत. सत्यपाल महाराज अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे. सात खंजिऱ्या समोर मांडून वाजवणारा हा माणूस वऱ्हाडात कोणाला सांगावा लागत नाही. व्यसनावर, हुंड्यावर, देवाच्या नावानं चालणाऱ्या बुवाबाजीवर बोलता बोलता ते हसवतात, आणि हसू ओसरायच्या आत थाप पडलेली असते. ती थाप बघायची असते. सेकंदाला 12 चित्रांत हात एका खंजिरीवरून उठलेला दिसायचा आणि पुढच्या चित्रात तो तिसरीवर पोचलेला असायचा. दुसरीवर काय झालं ते फक्त कानाला ठाऊक. 16 वर हात थोडा सापडायचा, पण मग रंग मळायचे. मी रंग जाऊ दिले.

फाईल भरून दिली त्या रात्री मी मुद्दाम बागेत गेलो. माझ्या कारागिरीकडे मोठेबाबा कौतुकानं बघतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी बटण दाबलं, महाराज दिसले, त्यांनी क्षणभर मान हलवली, आणि यंत्र बंडीच्या खिशात टाकलं. इअरफोन त्यांना चालत नसत, कान झाकला तर रानातलं कळत नाही म्हणून; त्या बारक्या स्पीकरचा पत्र्यासारखा आवाज खिशातूनच यायचा. ते फावडं मारत राहिले. माझे ते जपून ठेवलेले हात त्यांच्या बंडीच्या आत, अंधारात, कोणालाही न दिसता खंजिरी वाजवत राहिले.

थोडं वाईट वाटलं. मग मला सोय सुचली. बघायचंच नाही तर चित्र कशाला? नुसता आवाज काढून एमपीथ्री केला, तर एका कीर्तनाच्या जागेत कितीतरी कीर्तनं मावतील, बॅटरीही रात्रभर टिकेल. तसं करून दिलं. ते त्यांनी एक रात्र ऐकलं आणि सकाळी चहा पिता पिता यंत्र परत माझ्यापुढे ठेवलं.

"पहिलंवालंच टाक गा."

"काहून? आवाज तर तोच आहे, उलट चांगला आहे."

"आवाज हाय. पण थो नाही न तिथं."

मी म्हटलं, तुम्ही पाहतच नाही, तर तो असला काय नि नसला काय. त्यांनी बशी खाली ठेवली. "म्या नाही पायलं म्हून का थो नसते?" म्हणाले. यावर कॉम्प्युटरकडे काही उत्तर नव्हतं. मी पुन्हा हिरवी पट्टी सुरू केली.

पुढे कळलं की सत्यपाल महाराजांचं कीर्तन समोर बसून ऐकायचा योग त्यांना कधी आलाच नव्हता. आसपास कीर्तन ठरलं की नेमकी ओलिताची पाळी यायची. लोक ऐकून येत, थापांसकट नक्कल करून दाखवत, आणि हे पाटावर. तेव्हा खिशात चित्र चालू ठेवणं ही त्यांची हजेरी असावी. किंवा महाराजांची. कोणाची, ते मी विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात मी त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट मिळवली: गाडगेबाबांचा आवाज. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस, 1956 च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गेला. पण त्याआधी काही आठवडे वांद्र्याला पोलिसांपुढे जे शेवटचं कीर्तन झालं, त्याचं ध्वनिमुद्रण उरलं आहे. खरखर, टाळ, मध्येच भरून येणारा जमाव, आणि त्या सगळ्यावरून समोरच्या माणसाला प्रश्न विचारत जाणारा तो उभा आवाज. नुसता आवाज, चित्र नाहीच. आधीचा धडा लक्षात ठेवून मी शहाणपणा केला. बाबांचा एक फोटो शोधला, तो आवाजावर चढवला आणि त्याची रीतसर एएमव्ही केली. फोटो हलत नाही, म्हणून तो फार सुरेख उतरला. काठी, चिंध्यांचा पेहराव, डोक्यावरचं गाडगं, सगळं ओळखू येत होतं.

मोठेबाबांनी ते हातात घेऊन पाहिलं. या खेपेला खिशात टाकलं नाही, बराच वेळ पाहिलं, डोळ्यांजवळ नेऊन, मग लांब धरून. मी खूश होतो.

"हे काढ," ते म्हणाले. "याचा निस्ता आवाज दे."

"अन् सत्यपाल महाराजांना चित्र पाहिजे ते?"

"त्याईले म्या पायलं नाही. बाबाले पायलं हाय, लहान होतो तव्हा, आमच्या आजाच्या खांद्यावर बसून." त्यांनी पडद्यावर अंगठा ठेवला. "अन् दाढी अशी नोती."