बत्तीस अक्षरें

आमची पुतणी मुंबईस दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षांत शिकते. गेल्या श्रावणांत बेव्हर्ली पार्कांतील आमच्या बिऱ्हाडीं ती येरझारा घालीत खालचा जबडा बधिर करण्याचा विधि घोकीत होती, आणि दर खेपेस निराळ्या जागीं अडखळत होती. जन्मभर मुलांकडून संधिनियम पाठ करून घेतलेल्या आमच्यासारख्या मास्तरास हें कसें पाहवावें? आम्हीं तिला एक अनुष्टुभ् रचून दिला. अनुष्टुभाचीं अक्षरें ३२ आणि माणसाचे दांतहि ३२, ह्या योगायोगाचा आम्हांस, खरें सांगावयाचें तर, अंमळ गर्वच झाला.

श्लोक एका रात्रींत मुखोद्गत झाला. पुढल्या आठवड्यांत पुतळ्याच्या तोंडावर प्रात्यक्षिक करतांना मात्र अध्यापिकेनें तिचा हात धरला. सुई हाडास टेकेपर्यंत २० ते २५ मिलिमीटर आंत घालावयाची, किंचित् मागें घ्यावयाची, आणि औषध सोडण्यापूर्वीं दट्ट्या ओढून पिचकारींत रक्त येतें कीं काय तें पाहावयाचें. तेथें ज्ञानतंतूच्या शेजारींच रक्तवाहिन्या असतात; सुई त्यांत शिरली असली तर औषध सरळ रक्तांत जातें, आणि त्यांत अ‍ॅड्रेनलिन असलें तर रोग्याची छाती धडधडूं लागते. नेमकी हीच पायरी तिनें गाळली होती.

"काका, श्लोकांत ती नव्हतीच," ती घरीं येऊन म्हणाली. तिच्या बोलण्यांत रागाचा लेशहि नव्हता, म्हणून तें अधिकच लागलें. आमच्या टिपणांत ती पायरी होती; तिसऱ्या चरणांत अक्षरें अधिक होत होतीं म्हणून आम्हींच ती काढली होती!

गद्य घोकतांना ती अडखळे, तेव्हां कांहीं राहिल्याची शंका तरी येई. छंदांत तें छिद्रहि बुजलें. वास्तविक हें आम्हांस कळावयास हवें होतें. वेद मुखानें राखणारे केवळ सरळ संहितेवर विसंबले नाहींत. पदपाठांत शब्द सुटे म्हटले, क्रमपाठांत पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या बांधल्या, जटापाठांत तीच जोडी उलटून पुनः सुलटी म्हटली. गळालेला शब्द तेथें लपत नाहीं.

श्लोक आतां बाद झाला आहे. रात्रीं आम्ही तिला कोठूनहि विचारतों: हाडानंतर काय? औषधाच्या आधीं काय? मग ती आम्हांसच खुर्चीवर बसविते आणि हातांत पेन घेऊन सारा विधि करून दाखविते. परवां दट्ट्यापाशीं तिचा अंगठा थांबला. आम्ही आ वासून बसलों होतों.

"रक्त नाहीं, काका," असें म्हणून मगच तिनें तो सावकाश पुढें सरकविला.