भंगारातून भंडाऱ्याला

आमच्या पिंपळे सौदागरात शेजारी भेटतात ते लिफ्टमध्ये आणि सायकली भेटतात त्या तळघरात. पिंपळे नावाची तीन गावे येथे शेजारीशेजारी आहेत: गुरव, निलख आणि सौदागर. नदीच्या आसऱ्याने शेती करणारी ही खेडी आता महानगरपालिकेत आहेत. त्यांतल्या सौदागराने तर आपले नाव अक्षरशः सार्थ केले. कोकणे चौकापासून शिवार चौकापर्यंत पायी जा, एखादी वस्तू विकत मिळाली नाही असे व्हायचे नाही. सायकलींसाठी वेगळे मार्गही कोठे कोठे आखलेले आहेत, आणि त्यांवर मोटारी अगदी सुखाने उभ्या असतात.

गेल्या भाद्रपदात सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली. ‘वाहनतळातील बेवारस सायकली दसऱ्यापर्यंत न हलविल्यास भंगारात देण्यात येतील.’ दुसऱ्या दिवशी वॉचमनने एकतीस सायकलींना लाल फीत बांधली. त्यांत एक माझी होती.

ती हायब्रिड. म्हणजे चाके रस्त्यावरच्या सायकलीची, हँडल डोंगरावरच्या सायकलीचे. संकरित गाईसारखाच प्रकार. २०१२ साली हिंजवडीला कचेरीत सायकलने जायचा संकल्प सोडून मी ती घेतली. संकल्प तीन आठवडे टिकला. मग वाकडच्या पुलाजवळ एक बस माझ्या कोपराला वारा घालून गेली, आणि सायकल तळघरात गेली.

“द्या हो टाकून,” सौभाग्यवती म्हणाल्या. तसे करणे शहाणपणाचे होते. पण लाल फीत पाहिली आणि मला वडिलांची काळी सायकल आठवली. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेथे ते नोकरीला होते. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढाच बाहेर पडे. तुकाराम बीजेला ते मला कॅरिअरवर बसवून देहूला नेत, तेथून इंद्रायणी ओलांडून भंडाऱ्याच्या डोंगराशी. सायकल पायथ्याशी ठेवायची, तिला कुलूप लावायचे आणि वर चालत जायचे. “एका गिअरवर हा चढ होत नाही रे,” ते म्हणत. ती सायकल त्यांच्या पश्चात मीच भंगारवाल्याला दिली. किती रुपये आले तेही आठवत नाही. दुसरी द्यायला हात धजेना.

चौकामागच्या गल्लीतल्या मिस्त्रीने माझे वाहन उलटे करून फिरवले. “काका, सांगाडा स्टीलचा आहे, खणखणीत. बाकी सगळं गेलंय.” सीटचा दांडा नळीत असा बसला होता की दोघांनी ओढूनही हलेना. गंज सोडवणारे तेल घालून चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी तो किंकाळी फोडून बाहेर आला. डावे पॅडल मी घरीच काढायला गेलो आणि तासभर ते आणखीच आवळत बसलो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे ज्ञान मला साठीनंतर झाले! छर्रे नवे, ग्रीस नवे. मागच्या चाकाचा आऊट काढायला मात्र मिस्त्रीने पुरी दुपार घेतली. एकेका तारेला पाव आटा देत तो चाक फिरवी आणि डोळा बारीक करून पाही.

टायरची मात्र गंमत झाली. दुकानदाराने “अठ्ठावीसचा ना?” म्हणून टायर काढून दिला, तो रिमवर ढिलाच बसला. मिस्त्री हसला. काळ्या सायकलीचा अठ्ठावीस वेगळा आणि हायब्रिडचा वेगळा! तिच्या रिमवर टायर बसतो ती गोलाई ६३५ मिलिमीटरची, हिची ६२२ची. डोंगरी सायकलींचा ‘एकोणतीस’ पुन्हा ६२२चाच. तेव्हा इंच विसरावेत आणि टायरवर बारीक अक्षरांत छापलेला ६२२ पाहावा. जुना टायर ३५ मिलिमीटर रुंद होता. चिमट्यात बोट घालून मोकळी जागा पाहिली आणि ३८चा, गोट्यागोट्यांच्या नक्षीचा घेतला. त्याहून रुंद घेतला असता तर चिखल अडकून चाकच थांबले असते.

पण खरा खर्च मागच्या फ्रीव्हीलचा. जुन्याचे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे होते आणि पुढचे सर्वांत लहानही २८चे; म्हणजे पायाचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, सायकल २ मीटर १९ सेंटिमीटर पुढे. मागे ३४ दात्यांचे बसवले की तीच १ मीटर ८० जाते. अंतर कमी, पण चढावर गुडघ्याला केवढा दिलासा! त्यासाठी साखळी लांब घ्यावी लागली, मागचा गिअरही बदलावा लागला. एकूण खर्च घरी सांगताना मी फ्रीव्हील वगळले.

खंडे नवमीला तिला झेंडूचा हार घातला आणि कोजागिरीनंतरच्या रविवारी पहाटे निघालो. रहाटणी, काळेवाडी, चिंचवड. निगडीला भक्ती-शक्तीच्या शिल्पापाशी उजाडले. देहूपर्यंत सगळे डांबर. डांबरावर हे रुंद टायर सूं असा आवाज करतात आणि पाय थोडे जड लागतात, हे कबूल केले पाहिजे. गाथा मंदिराशी चहा घेतला, चाकांतली हवा दहाएक पौंड कमी केली आणि येलवाडीकडे नदी ओलांडली. पुढे मी मुद्दामच शेताकडेची वाट धरली. पावसाने खचलेली, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांची, मध्येच खडी. येथे ती सायकल खुलली. हातांना बसणारे दणके टायरने पोटात घेतले. वाटेत ऊस होता, आणि उसापलीकडे चाकणच्या कारखान्यांचे पत्रे चमकत होते.

पायथा आला. कुलूप लावायची ती जागा मला नेमकी सापडली नाही. सगळेच बदलले आहे. तेथे थांबलो मात्र. मग पुढे २८, मागे ३४ लावले आणि चढू लागलो. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडासाच अधिक वेग, पण चढत होतो! पहिले वळण झाले, दुसरे झाले. त्यापुढच्या वळणावर छातीचा भाता असा हलू लागला की मुकाट्याने उतरलो.

मागून एक धोतरवाले बाबा काळी सायकल ढकलीत आले. मागे दुधाची रिकामी किटली. माझ्या बरोबरीने चालता चालता त्यांनी माझ्या फ्रीव्हीलकडे निरखून पाहिले.

“किती गेर हायेत हिला?”

“एकवीस.”

“आन् मंग उतरला कशापाय?”

मी बाटली काढून पाणी प्यायलो. त्यांनाही दिले.