‘बेबी’ म्हणजे कोण?

तुमच्या घरी माळ्यावर किंवा कॉटखाली एखादी काळी पत्र्याची ट्रंक आहे का? झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेलं? असेल, तर तुमच्या घरातलं कुणीतरी फौजेत होतं, हे मी न विचारताच सांगतो!

आमच्या घरीही अशी ट्रंक होती. ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तिला हात लावायची आम्हाला बंदी होती. त्या ट्रंकेत एक चूक झोपून राहिली होती आणि तिनं माझ्या अक्काची शाळा हिरावून घेतली. त्याचीच ही गोष्ट. पण नुसती गोष्ट ऐकून उठू नका हं, शेवटी तुम्हाला एक काम सांगणार आहे.

डिसेंबर १९७१. आपलं पाकिस्तानशी युद्ध झालं, ते तुम्ही इतिहासात वाचलं असेल. ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही झाली. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आबा पश्चिम सीमेवर होते. तिथं त्यांचा उजवा पाय सुरुंगावर पडला. जीव वाचला, पण गुडघ्याखालचा पाय गेला.

आबा घरी आले ते पुढच्या वर्षी. मधले सगळे महिने दवाखान्यात आणि मग पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात गेले. हे केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली सुरू झालं. तिथं आबांच्या मापाचा पाय बनवून दिला आणि त्यावर चालायला शिकवलं. रात्री आबा तो पाय काढून भिंतीला टेकवून ठेवत. त्याला बूट तसाच असे. अंधारात मला वाटायचं, भिंतीच्या आत कुणीतरी उभं आहे आणि त्याचा एक पाय तेवढा बाहेर राहिलाय!

आबांच्या कागदावर लिहिलं होतं : अपंगत्व ५० टक्के. मी आईला विचारलं, “म्हणजे आबा अर्धेच उरले का गं?” आई काही बोलली नाही. आबा मात्र खो खो हसले. “अरे, अर्धा असतो तर तुझ्या आईला निम्म्याच भाकऱ्या लागल्या असत्या की!”

आता हे टक्के काय असतात ते सांगतो. सैनिक जखमी झाला की फौजेतल्या डॉक्टरांचं मंडळ त्याला तपासतं. त्याला मेडिकल बोर्ड म्हणतात. इजा नोकरीमुळे झाली की नाही आणि ती किती टक्के, हे ते बोर्ड लिहून देतं. साधारणपणे २० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर अपंगत्वाची पेन्शन मिळते. लढाईत जखमी झालेल्यांसाठी पेन्शनचा वेगळा प्रकार असतो. म्हणजे त्या कागदावरचा एक-एक शब्द घर चालवत असतो. (तेव्हा ‘अपंग’ म्हणत, आता ‘दिव्यांग’ म्हणतात.)

आबा आले ते बहात्तरच्या दुष्काळात. विहीर आटलेली. पेन्शन यायची, पण घरात खाणारी तोंडं सहा. तरी आमची शाळा सुटली नाही. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि दहा पट हुशार. तिचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. तिला बाई व्हायचं होतं. म्हणजे लग्न होऊन बाई नव्हे हं, शाळेतल्या बाई! १९७८ साली ती दहावी झाली. शाळेतल्या मुलींत पहिली आली.

आणि तिथंच थांबली. कॉलेज तालुक्याला. फी, एस.टी.चा पास, पुस्तकं, सगळ्याची बेरीज आबांनी पाटीवर करून पाहिली आणि फडक्यानं पुसून टाकली. अक्का म्हणाली, “माझं राहू दे आबा. ह्याला शिकवा.” ‘हा’ म्हणजे मी. मला तेव्हा बरंच वाटलं, खरं सांगतो. आज लाज वाटते.

त्याच वर्षी ७ डिसेंबरला आमच्या शाळेत ध्वजदिन होता. तुमच्या शाळेतही छोटे झेंडे वाटून निधी गोळा करत असतील ना? १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला हा दिवस पाळतात. सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या कल्याणासाठी तो निधी असतो. त्या दिवशी एक निवृत्त सुभेदारसाहेब भाषणाला आले होते. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचं काम ते बघत. गावात त्या कार्यालयाला सगळे ‘सोल्जर बोर्ड’च म्हणायचे.

सुभेदारसाहेबांनी विचारलं, “कुणाचे वडील फौजेत होते?” मी हात वर केला. आबांचं सांगितलं. त्यांनी मला पुढं बोलावलं.

“बाळ, तू शाळेची फी भरतोस?”

“होय साहेब.”

“का भरतोस?”

आता फी का भरतोस, याला काय उत्तर द्यायचं? सगळा वर्ग हसला. सुभेदारसाहेब हसले नाहीत. “संध्याकाळी तुझ्या घरी येतो,” म्हणाले.

आले ते थेट ओसरीवर. त्यांनी सांगितलं, की युद्ध संपल्यावर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबर १९७१ला, लोकसभेत जाहीर झालं होतं : जे सैनिक कामी आले, बेपत्ता झाले किंवा अपंग झाले, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा भार सरकार उचलेल. १९७२ पासून ती सवलत सुरूही झाली होती. आणि आम्हाला सहा वर्षं पत्ताच नव्हता!

आम्हाला वाटलं, आबा खूश होतील. तर ते उसळलेच. “साहेब, पाय दिला म्हणून पैसे मागू व्हय? मी काय झोळी घेऊन फिरू?”

सुभेदारसाहेबांनी शांतपणे चहाची बशी खाली ठेवली. “मोर्चावर तुला डाळ-रोटी यायची. ती भीक म्हणून खायचास?”

“नाही साहेब. रेशन होतं ते.”

“मग हे पोरांचं रेशन आहे. तू उचललं नाहीस तर त्यांच्या ताटात पडणार नाही, एवढंच.”

आबा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी कमरेची किल्ली काढून अक्काकडं दिली. “ट्रंक उघड.”

अक्कानं दोन अर्ज लिहिले. एक माझा, एक तिचा. दोन महिन्यांनी माझा मंजूर होऊन आला. अक्काचा अर्ज मात्र परत आला. वर लाल शाईनं शेरा : या नावाचे अपत्य नोंदीत नाही. नोंदीत ‘बेबी’ असे नाव आहे.

बेबी? ही कोण बाई? आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. मग आईनं कपाळावर हात मारला. अक्का जन्मली आजोळी. आबा तेव्हा पलटणीत. मामांनी कार्ड टाकलं, ‘मुलगी झाली, दोघी सुखरूप.’ पलटणीतल्या कारकुनानं नाव विचारलं. बारसं व्हायचं होतं, मग आबा नाव कुठून सांगणार? त्यानं ‘बेबी’ लिहिलं आणि पान उलटलं. सोळा वर्षं सरकारच्या लेखी आमची अक्का ‘बेबी’च राहिली.

आधी तर अक्का पोट धरून हसली. पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. नाव दुरुस्त करायला जन्माचा उतारा हवा. त्यासाठी आजोळच्या गावी जायचं. तिथल्या वहीत नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं, आणि तारीख होती श्रावणातली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून! कारण शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं तीच टाकली होती. (तुमच्याही घरात १ जूनवाले एक-दोन जण निघतील बघा!) म्हणजे आता नावही जुळेना आणि तारीखही जुळेना. मग तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र. आबा तो लाकडी पाय ओढत एस.टी.च्या पायऱ्या चढायचे. मी पिशवी धरायचो.

एका कचेरीत तर आमचा अख्खा अर्जच हरवला. आम्ही विचारायला गेलो. साहेब म्हणाले, “आवक नंबर सांगा.” आम्ही तो घेतलाच नव्हता. अर्ज दिला होता याचा काही पुरावा नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

या सगळ्यात दीड वर्ष गेलं. मुलगी किती दिवस घरात ठेवायची, असं लोक म्हणायला लागले. १९८०च्या वैशाखात अक्काचं लग्न झालं.

आषाढात पत्र आलं. नावाची नोंद दुरुस्त झाली होती. शिक्षणाची सवलत मिळेल, असं त्यात लिहिलं होतं.

आबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग पाय बांधला, काठी घेतली आणि मला घेऊन अक्काच्या सासरी गेले. पाऊस लागलेला. सासरची माणसं वाईट नव्हती, पण म्हणाली, “आता संसाराला लागलीय पोर, कॉलेज कुठलं काढता!” आबा पायरीवर बसून राहिले. अक्का पाणी घेऊन आली. आबा तिला एवढंच म्हणाले, “बाय, माझ्याकडनं उशीर झाला.”

अक्कानं पत्र वाचलं. नावावरून बोट फिरवलं. “नाव तर लागलं ना माझं आबा,” म्हणाली आणि आत निघून गेली.

मी त्या सवलतीवर शिकलो. अक्काला व्हायचं होतं ते मी झालो, म्हणजे शिक्षक. अक्कानं १९९६ साली सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी दिली आणि पास झाली. पण ती शाळेतली बाई झाली नाही ती नाहीच. ते वय निघून गेलं होतं.

आता काम सांगतो म्हणालो होतो ना? ऐका.

तुमचे वडील, किंवा ओळखीतले कुणी काका, माजी सैनिक असतील, तर त्यांच्या परवानगीनं ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ बाहेर काढा. त्यातलं आईचं नाव, मुलांची नावं आणि जन्मतारखा शाळेच्या दाखल्याशी आणि आधार कार्डाशी अक्षर-अक्षर लावून बघा. एखादी वेलांटी किंवा आडनावातलं एखादं अक्षर वेगळं असेल, तरी आजच दुरुस्तीला द्या. गरज पडेल तेव्हा बघू, असं म्हणू नका. गरज पडते तेव्हा फॉर्मची शेवटची तारीख चार दिवसांवर असते! अर्ज दिला की आवक नंबर आणि तारीख घ्या. ऑनलाइन भरला असेल तर पावती छापून ठेवा. सगळ्याची एक प्रत घरी ठेवा. आणि अडलं तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा.

आज सवलती पुष्कळ आहेत. २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, बी.एड. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या माजी सैनिकांच्या मुलांना तिच्यातून दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या देतात. त्यासाठी आधीच्या परीक्षेत निदान ६० टक्के हवेत. २०१९ पासून मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये अशी रक्कम आहे. लढाईत कामी आलेल्यांच्या आणि जखमी झालेल्यांच्या मुलांचा नंबर आधी लागतो. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान मिळतं. ते महिना १,००० रुपये होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते २,००० करायचं ठरलं.

आणि आमची ती जुनी १९७२ची सवलत? तीही चालू आहे. २०१७ साली तिच्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली होती. त्यावर ओरड झाली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा काढून टाकली. बोललं तर बदलतं, हे लक्षात ठेवा.

काही मुलांना वाटतं, वडील अपंग आहेत हे अर्जात लिहायला नको, लोक काय म्हणतील. त्यांनी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट वाचावी. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. सरकारनं त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली! ‘अपंग’ हा शब्द कागदावर होता म्हणून त्यांचं काही कमी झालं का?

अक्का आता साठी ओलांडून गेलीय. तिच्या गावात फौजेतली घरं बरीच आहेत. रविवारी तिच्या ओसरीवर बायका पिशवीत कागद घेऊन येतात. अक्का चष्मा लावते आणि पहिला प्रश्न विचारते, “पोरीचं नाव नोंदीत काय आहे?”

तुम्हीही येत्या रविवारी एवढंच विचारा. आणि तुमच्या ट्रंकेत एखादी ‘बेबी’ सापडलीच, तर सोमवारी सकाळी तिचं नाव लावायला निघा.