ज्यू टाऊनमधली दुपार

कोचीच्या मट्टनचेरीत, बंदरालगत, ज्यू टाऊनची गल्ली आहे. मसाल्याच्या जुन्या वखारींत आता प्राचीन वस्तूंची दुकानं थाटलीत: पितळी उरुळ्या (पसरट भांडी), कोरीव खांब, पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे. टोकाला १५६८ सालचं परदेशी सिनेगॉग. इस्रायलच्या स्थापनेनंतर इथली बहुतेक ज्यू कुटुंबं तिकडे गेली. गल्लीला त्यांचं नाव तेवढं राहिलं.

आज एका दरवाजाची कडी हातात धरली. कित्येक पिढ्यांच्या हातांनी ती गुळगुळीत झालेली. दरवाजा कुठल्या गावचा, कुठल्या घरचा, कुठेच लिहिलेलं नव्हतं. फार वाईट वाटलं. किमतीच्या चिठ्ठीवर गावाचं नाव लिहायला कितीशी जागा लागते? विकणाऱ्यांनी ते लिहावं, घेणाऱ्यांनी आग्रहानं विचारावं.