दहा डॉलरची पुढची रांग

न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड रॉजर्स थिएटरच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट मागितला, नाव पडताळलं आणि दोन तिकिटं काचेखालून पुढे केली. स्वस्त तिकिटांची सोडत ज्याच्या नावावर लागली त्यानेच यायचं आणि ओळखपत्र दाखवायचं. ते तिकीट विकता येत नाही, कोणाला देताही येत नाही. कोणाचं पत्र नाही, कोणाचा फोन नाही. हा नियम मला इतका आवडला, की नाटकाच्या आधी त्याच्याबद्दलच लिहावंसं वाटतं.

माझं माहेर धार, सासर देवास. दोन्हीकडे पवारांची राज्यं होती, त्यामुळे मराठी घरं पुष्कळ आणि नाट्यसंगीत घरातलंच. भाची जर्सी सिटीत नोकरीला असते, तिच्याकडे राहायला गेले होते. 'हॅमिल्टन' या संगीत नाटकाची ही लॉटरी ती फोनवरून भरायची. गंमत म्हणून तिने माझंही नाव घातलं आणि लागलं ते माझंच. ठरलेल्या वेळेत पैसे भरायचे असतात, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. भाचीने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून ते भरले. माणशी दहा डॉलर, कारण ज्याच्यावर हे नाटक आहे त्या अलेक्झांडर हॅमिल्टनचं चित्र तिथल्या दहाच्या नोटेवर आहे.

ही पद्धत या नाटकाची स्वतःची नव्हे. १९९६ साली 'रेंट' नावाचं संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं, तेव्हा पहिल्या दोन रांगा प्रयोगाच्या दिवशी २० डॉलरला विकायचं ठरलं, ज्यांच्यावर नाटक लिहिलंय त्या कफल्लक तरुणांना ते बघता यावं म्हणून. मुलं फुटपाथवर रात्र काढायला लागली. मग रांग बंद करून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. २०१६ साली 'हॅमिल्टन'च्या निर्मात्यांनी सर्वांत महाग तिकीट ८४९ डॉलरवर नेलं आणि त्याच वेळी सोडतीच्या जागा २१ वरून ४६ केल्या. श्रीमंताकडून जास्त घ्यायचं आणि त्यातून काही खुर्च्या मोकळ्या ठेवायच्या, हा हिशेब मला पटतो. बाकी ८४९ डॉलर ही नाटकाच्या तिकिटाची किंमत होऊ शकते, हे अजून पटत नाही.

आमची सोडतीची तिकिटं पुढच्या रांगेतली होती. पण पुढची रांग म्हटली की मला वेगळंच काही आठवतं, आणि ते इतक्या वर्षांत पुसलं गेलेलं नाही. लग्नाच्या निमित्ताने आम्ही एका मोठ्या शहरात गेलो होतो. तिथे 'संगीत सौभद्र'चा प्रयोग होता. सासूबाईंनी स्वतःच्या पेन्शनमधून तिकिटं काढायला लावली, दुसऱ्या रांगेतली. त्यांना जवळून ऐकायचं होतं. क्षयावर हवा मानवेल म्हणून १९४८ साली देवासला आलेले गायक कुमार गंधर्व तिथलेच होऊन गेले. त्या गावात साध्या माणसालाही सूर कळतो, आणि सासूबाईंना तर फारच कळायचा. 'सौभद्र'ची पदं त्यांना पाठ होती.

आम्ही जाऊन बसलो. त्यांनी चष्मा पुसून ठेवला, पर्समधून खडीसाखर काढली. तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक आला. म्हणाला, "मावशी, जरा उठता का? साहेबांची मंडळी येतायत." मी तिकिटं दाखवली. त्याने बघितलीसुद्धा नाहीत. "हो हो, बरोबर आहे, पण ॲडजस्ट करा ना. मागे मस्त जागा देतो." हे म्हणाले, पैसे भरलेत. तो गेला आणि वयाने मोठ्या एकाला घेऊन आला. तो हात जोडून बोलायला लागला. संस्थेची अडचण आहे, साहेबांमुळे हॉल मिळाला, आपण घरचेच. आसपासची माणसं बघत होती. एकानेही तोंड उघडलं नाही. सासूबाईच शेवटी उठल्या. म्हणाल्या, "चला, तमाशा नको." त्यांना बाल्कनीचा जिना चढायला लावला, गुडघे दुखत असताना. 'मस्त जागा' खांबाच्या बाजूला होती. अर्धा रंगमंच दिसत नव्हता.

साहेब आले. दीप लावला, शाल घेतली, भाषण केलं. पहिला अंक संपायच्या आत मंडळी उठून गेली. मध्यंतरानंतर वरून दिसत होतं, दुसऱ्या रांगेतल्या आमच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या. मी खाली जाऊन विचारलं, तर दारावरचा म्हणाला, आरक्षित आहेत. सासूबाई परतीच्या गाडीत एवढंच म्हणाल्या, "आवाज पोचत नव्हता गं." पुढे त्यांचा प्रवासच बंद झाला. तो त्यांनी पाहिलेला शेवटचा प्रयोग.

'हॅमिल्टन' मात्र मी अगदी पुढून पाहिलं. नटांच्या बुटांच्या टाचा डोळ्यांसमोर, कपाळावरचा घाम दिसत होता, ढोलाचा ठोका खुर्चीतून पाठीला लागत होता. फिरता रंगमंच फिरायला लागला, की त्यावर चालणारी माणसं जागच्या जागी राहायची, हे तर मी कधीच पाहिलं नव्हतं. लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी सगळा इतिहास गाण्यात बांधलाय, बराचसा रॅपमध्ये. भरभर बोललेलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. तरी अडलं नाही. आपल्याकडेही तान घेताना शब्द कुठे कळतात? अमेरिका उभारणाऱ्या गोऱ्या पुढाऱ्यांच्या भूमिका बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन नटांनी केल्या होत्या. परदेशातून आलेली माणसंच कामं तडीस नेतात, अशा अर्थाची ओळ आली तेव्हा टाळ्यांनी थिएटर दणाणलं. भाची व्हिसावर आहे. तिच्या टाळ्या सगळ्यांत उशिरा थांबल्या.

परत येताना रेल्वेत मी तिला म्हणाले, हा खरा न्याय. ती म्हणाली, "मावशी, माझ्या ऑफिसातली मुलगी वर्षानुवर्षं नाव घालतेय. तिला एकदाही लागलं नाही. तू पाहुणी येऊन बसलीस." त्यावर मला उत्तर नव्हतं. आता वाटतं, सोडत म्हणजे नशीब, न्याय नव्हे. पण वशिल्यापेक्षा नशीब पुष्कळ बरं, ते माणूस बघून उठवत नाही. सासूबाईंना मात्र सोडतीने काय दिलं असतं? त्यांनी पूर्ण पैसे मोजले होते. त्यांना कोणाची मेहेरबानी नको होती, स्वतःची खुर्ची हवी होती.

म्हणून नाटकं आणणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे. सगळ्या पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी अडवू नका. एक रांग तरी विद्यार्थ्यांसाठी आणि बाहेरगावच्या प्रेक्षकांसाठी स्वस्तात ठेवा, चिठ्ठ्या काढा, सर्वांसमोर काढा. आमच्या जवळच्या इंदूरला प्रयोग असेल तर तो वेळेवर सुरू करा. धारच्या माणसाला नंतर गंगवाल बस स्टँड गाठायचा असतो, देवासच्यालाही रात्रीची बस शोधायची असते, आणि सत्कार लांबला की तो तिसरा अंक सोडून उठतो. यातलं काहीच जमत नसेल, तर निदान ज्याने पैसे देऊन तिकीट काढलंय त्याला उठवू नका.