चाकांची खुर्ची आणि पिस्तूल

ज्याचे पाय चालत नाहींत त्यानें अंगावर पिस्तूल बाळगावें काय, हा प्रश्न आमच्या वाचकांस विलक्षण वाटेल. आपल्याकडे सामान्य गृहस्थ शस्त्राचा विचार करीतच नाहीं. १९५९ च्या कायद्यान्वयें परवान्यावांचून पिस्तूल जवळ ठेवणें हा गुन्हा आहे, आणि तो परवाना मागावयास गेलेला माणूस आमच्या तरी ओळखींत कोणी नाहीं. अमेरिकेंत मात्र हा प्रश्न रोजच्या व्यवहारांतला आहे. आम्ही स्वतः गेलीं बारा वर्षें चाकांच्या खुर्चींत बसून आहों. २०२३ सालच्या हिवाळ्यांत कन्येकडे टेक्सासला राहण्याचा योग आला, तेव्हां शेजारच्या एका गृहस्थांशीं आमचा स्नेह जडला. तेहि आमच्यासारखेच खुर्चींत बसणारे. पूर्वी सैन्यांत होते. एकटे राहत, स्वतः मोटार हांकीत, आणि बाहेर पडतांना सदऱ्याखालीं पिस्तूल बाळगीत.

तेथील कायदा थोडक्यांत सांगितला पाहिजे. शस्त्र बाळगण्याचा हक्क त्या देशाच्या राज्यघटनेंत १७९१ सालीं दुसऱ्या दुरुस्तीनें आला. तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिला, आणि स्वसंरक्षणार्थ घराबाहेरहि पिस्तूल नेतां येतें असें २०२२ सालीं ठरविलें. टेक्सासमध्यें तर १ सप्टेंबर २०२१ पासून, एकवीस वर्षें पूर्ण झालेल्या व कायद्यानें अपात्र न ठरलेल्या माणसास त्याकरितां परवानाहि लागत नाहीं.

परंतु खुर्चींत बसून पिस्तूल बाळगणें उभ्या माणसाइतकें सोपें नाहीं, असें आमच्या स्नेह्यांनीं सांगितलें. उभा माणूस तें कमरेच्या बाजूस लावतो. बसलेल्याची कंबर दुमडलेली असते व खुर्चीचा हात आड येतो. त्यामुळें तें वेळेवर निघत नाहीं, आणि काढतांना नळी आपल्याच मांडीकडे वळते. पाठीमागें कमरेशीं खोंवावें, तर ज्यांस त्या भागीं स्पर्श कळत नाहीं त्यांच्या कातडीस टणक वस्तूचा दाब लागून नकळत जखम होते. खुर्चीमागच्या पिशवींत ठेवावें, तर मागून येणारा कोणीहि तें उचलील. म्हणून ते काखेखालीं, पट्ट्यानें बांधलेल्या कातडी म्यानांत तें ठेवीत व वर सैल सदरा घालीत. झांकून ठेवण्याचें कारणहि उघड आहे: उभ्या माणसाचा हात बसलेल्याच्या छातीपर्यंत सहज पोहोंचतो. शिवाय चाकें फिरविण्यास दोन्ही हात लागतात. "पिस्तूल काढलें कीं मला पळतां येत नाहीं, आणि पळूं लागलों कीं पिस्तूल काढतां येत नाहीं," असें ते हंसून म्हणत.

इतका खटाटोप कशासाठीं, असें आम्हीं विचारलें. त्यांचें उत्तर सरळ होतें. चोराला दुबळा माणूस लांबूनच ओळखतां येतो, आणि खुर्ची तर लपवितां येत नाहीं. हें भय काल्पनिक नव्हे. अमेरिकन सरकारच्या पाहणीप्रमाणें २०१९ सालीं अपंगांवर होणाऱ्या मारहाण, लूट वगैरे अत्याचारांचें प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौपट होतें. ज्याला पळतां येतें त्याला पळून जाण्याचा उपदेश करावा. ज्याला तें शक्यच नाहीं त्याला काय सांगावयाचें?

तथापि याची दुसरी बाजू त्यांनीं आमच्यापासून लपविली नाहीं. २०२१ सालीं त्या देशांत बंदुकीनें ४८,८३० माणसें मेलीं. त्यांपैकीं २६,३२८ जणांनीं स्वतःचाच जीव घेतला होता. म्हणजे घरांतल्या शस्त्राचा धोका चोरापेक्षां धन्यालाच अधिक. दीर्घ दुखणें आणि एकांत हे ज्याच्या सोबतीस बसलेले आहेत, त्यानें हा आंकडा विसरूं नये. आमचे स्नेही मन फार खचलें कीं आपण होऊन पिस्तूल भावाच्या हवालीं करीत, व दिवस बरे आले म्हणजे परत आणीत. त्यांच्या शौर्याच्या गोष्टी आम्हीं पुष्कळ ऐकल्या. पण ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटली.

एके दिवशीं त्यांनीं आम्हांस विचारलें, "तुम्ही एकटे बाहेर पडतां तेव्हां जवळ काय बाळगतां?" आम्हांस उत्तर सुचेना. आम्ही एकटे कधीं बाहेर पडतच नाहीं. पुण्यास आमच्या घरीं माणसांची उणीव नाहीं. धाकटे बंधु आहेत, मुलगा-सून आहेत, नातू आहेत. हांक मारण्याचा अवकाश, कीं कोणीतरी धांवून येतें. या मायेचें मोल आम्ही जाणतों, आणि आमच्या स्नेह्यांसहि तिचा हेवा वाटे. परंतु त्या प्रश्नानें आमच्या ध्यानांत आलें कीं आम्हांस आजवर कोणी लुटलें नाहीं, याचें कारण लुटण्यासारख्या जागीं आम्ही कधीं गेलोंच नाहीं. त्यांच्या निर्भयतेला पिस्तुलाची जोड लागते, आमच्या निर्भयतेला चार भिंतींची. त्यांत अधिक स्वतंत्र कोण, हें सांगणें अवघड नाहीं.

त्यांचें स्वातंत्र्यहि कोणीं आयतें दिलें नव्हतें. अपंगांच्या हक्कांचा कायदा व्हावा म्हणून १९९० च्या मार्चमध्यें कित्येक जण खुर्च्या सोडून वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या पायऱ्या सरपटत चढले, आणि त्याच वर्षीं तो कायदा झाला. आपल्याकडेहि २०१६ सालीं असा कायदा झालेला आहे. पण घराच्या उंबरठ्याशीं सरकार येत नाहीं. तेथें घरच्यांनींच पाहावें लागतें.

परत आल्यावर दारापुढील दोन पायऱ्यांच्या जागीं उतार करून घेण्याचा विषय आम्हीं काढला. मुलगा म्हणाला, "आम्ही सारे असतांना तुम्हांला एकट्यानें जायचेंच कशाला, बाबा?" त्याच्या बोलण्यांत प्रेमाखेरीज कांहीं नव्हतें, म्हणूनच उत्तर देणें कठीण गेलें. अखेर उतार झाला. आतां आम्ही दर गुरुवारीं कोपऱ्यावरच्या वाचनालयांत एकटे जातों. रस्ता ओलांडतांना छाती धडधडते, आणि मागून पावलें वाजलीं कीं टेक्सासच्या स्नेह्यांची आठवण होते. पिस्तूल बाळगावें असें आम्हांस वाटत नाहीं. पण तें बाळगणाऱ्याचें मन आतां आम्हांस कळतें.

ज्या वाचकांच्या घरीं असें कोणी माणूस असेल, त्यांनीं त्याला काय हवें-नको तें रोज विचारलें जात असेलच. एकदां त्याला एकट्यानें कोठें जावेंसें वाटतें, तेंहि विचारून पाहावें.