सातबाऱ्याआधी उघडणारं पान

एकोडीत माझं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, फोटो, उत्पन्नाचा दाखला, निराधारचे कागद, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं एकाच टेबलावर चालतं. साकोली तालुक्यातलं हे गाव धानाचं. हलका धान कापणीला आला की लोक आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचे कागद पिशवीत घालून येतात. आधारभूत खरेदीसाठी नोंदणी वेळेत झाली नाही, तर व्यापारी देईल त्या भावात धान द्यावा लागतो. त्यामुळे या दिवसांत माझा कॉम्प्युटर बिघडला की त्याचा ताप साऱ्या गावाला होतो.

एका हंगामात तर कॉम्प्युटर बंद पडला असता तरी परवडलं असतं. तो चालू होता आणि मन मानेल तिकडे नेत होता. सातबाऱ्यासाठी महाभूमी असं टाइप करून एंटर दाबलं की पान क्षणभर पांढरं व्हायचं, वरच्या पट्टीत अनोळखी पत्ते भराभर सरकायचे आणि गूगलच्या जागी कुठलं तरी भलतंच सर्च पान उघडायचं. त्यावर वरच्या सगळ्या ओळी जाहिरातींच्या. ‘सातबारा लगेच मिळवा’, ‘मोबाइल नंबर टाका’, ‘फी भरा’. खरं तर भूलेखवर सातबारा पाहायला पैसे लागत नाहीत आणि डिजिटल सहीचा उतारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. पण समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणतं पान सरकारचं आणि कोणतं उपटसुंभाचं, हे कसं कळणार? तो माझ्या भरवशावर बसलेला असतो.

दुसरा त्रास उजव्या कोपऱ्यातला. टास्कबारच्या वर एकामागून एक चौकटी उगवायच्या. रमी खेळा, कर्ज घ्या, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा. आणि मधूनच एखादं घाणेरडं चित्र. एकदा बारावीतली एक मुलगी वडिलांसोबत फॉर्म भरायला आली होती. आईचं नाव सांगता सांगता तिच्यासमोर तसलं चित्र उमटलं. तिनं मान खाली घातली. वडील उठून दाराशी जाऊन उभे राहिले. मी मॉनिटर माझ्याकडे फिरवला आणि उरलेला फॉर्म तोंडी विचारून भरला. बाई माणसाच्या दुकानात निदान लेकींना निर्धास्त बसता यावं, म्हणून मी हे केंद्र टाकलं होतं. त्या दिवशीचा संताप अजून उतरलेला नाही.

पुढे मी पॉप-अप जाहिरातींचा इतिहास वाचला, तेव्हा या प्रकाराचं मूळही अशाच अवघडलेपणात सापडलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाची लोकांना वेबपानं बनवून देणारी सेवा होती. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी चिडली. म्हणून तिथल्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात पानात न दाखवता वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. कंपनीची अब्रू वाचावी, एवढाच हेतू होता. २०१४ मध्ये त्यांनी ‘द अटलांटिक’ मासिकात लेख लिहून जगाची माफी मागितली. आज तीच खिडकी घाण घेऊन येते, आणि अब्रू जाते ती समोर बसलेल्या पोरीची.

आमच्याकडे यावर ठरलेला सल्ला एकच: फॉरमॅट मार. कॉम्प्युटर साकोलीला न्यायचा, पैसे मोजायचे आणि कोराकरकरीत करून आणायचा. हा सल्ला मला कधीच पटला नाही. फॉरमॅट करणारे पुष्कळदा चोरीचं विंडोज टाकतात आणि ते चालावं म्हणून कॉम्प्युटरमधला डिफेंडर, म्हणजे त्याचा राखणदार, बंद करून ठेवतात. म्हणजे घर धुऊन दिलं, पण कडी काढून नेली. शिवाय ही पीडा कुठून शिरली ते कळलं नाही, तर ती त्याच वाटेनं परत येणार. मला ती वाट शोधायची होती.

दुकानाचं शटर ओढून मी कामाला बसले. आधी एक साधी तपासणी. त्याच वायफायवर माझ्या मोबाइलमध्ये तीच पानं उघडून पाहिली. मोबाइल सरळ चालत होता, म्हणजे राऊटर ठीक आणि खोट कॉम्प्युटरातच. ही तपासणी सगळ्यात आधी करावी, कारण कधी कधी घोटाळा पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएसमध्येच असतो. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरनं जगभरातल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांचे पत्ते असेच फिरवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं त्यामागची एस्टोनियातली टोळी उघडी पाडली. त्या टोळीचे सर्व्हर एकाएकी बंद केले असते तर बाधित लोकांचं इंटरनेटच थांबलं असतं, म्हणून कोर्टाच्या परवानगीनं त्यांच्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले.

कोपऱ्यातल्या चौकटी लवकर आटपल्या. त्या व्हायरस नव्हत्याच. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडली, तर परवानगी मिळालेल्या साइटची रांग लागली होती आणि त्यांतली बहुतेक नावं अर्थहीन अक्षरांची. ही परवानगी कशी घेतात, तेही कळलं. एखादं पान उघडतं, मध्ये फिरणारं चक्र दिसतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’. घाईतला माणूस दाबतो. त्यानंतर ब्राउझर कुठल्याही पानावर असो, जाहिरात कोपऱ्यात हजर. मी ती सारी नावं काढून टाकली आणि कोणत्याच साइटनं यापुढे विचारूही नये, असं सेटिंग करून ठेवलं. तेवढ्यानं कोपरा शांत झाला.

पानं मात्र वळतच होती. क्रोमला जोडलेल्या साधनांच्या, म्हणजे एक्स्टेन्शनच्या यादीत पीडीएफचं एक साधन होतं आणि त्याच्यासमोर रिमूव्हचं बटणच नव्हतं. खाली ओळ होती की हे तुमच्या संस्थेनं बसवलं आहे. इथे कुठली आली संस्था? खुर्ची माझी, टेबल माझं. ॲड्रेस पट्टीत क्रोम पॉलिसीचं पान उघडलं तेव्हा खरा प्रकार दिसला. मोठ्या कार्यालयांना आपल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर एकसारखी साधनं सक्तीनं बसवता यावीत, म्हणून क्रोममध्ये एक सोय आहे. पानं वळवणाऱ्या मंडळींनी विंडोजच्या रजिस्ट्रीत तशी नोंद घालून माझ्या कॉम्प्युटरवर तीच सक्ती लादली होती. रजिस्ट्रीची प्रत आधी जपून ठेवली, मग ती नोंद पुसली. एक्स्टेन्शन गेलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर पुन्हा हजर!

म्हणजे ते परत आणून बसवणारं आणखी काही तरी होतं. टास्क शेड्युलरमध्ये पाहिलं. कॉम्प्युटर सुरू होऊन लॉगिन झालं की एक फाइल चालवायची, असं काम तिथे लावून ठेवलेलं होतं आणि ती फाइल ॲपडेटाच्या फोल्डरमध्ये आडवळणाला दडलेली. काम काढलं, फाइल काढली, मग नोंद पुन्हा पुसली. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रामची यादी तारखेनुसार लावली, ती फाइल आली त्याच दिवशी आलेले दोन अनोळखी प्रोग्राम सापडले, तेही उडवले. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, तर टार्गेटच्या रकान्यात क्रोमच्या नावापुढे एक वेब पत्ता चिकटवलेला. त्यामुळेच क्रोम उघडताक्षणी ते भलतं पान यायचं. तेवढाच तुकडा खोडला. होस्ट्स फाइल आणि प्रॉक्सीचं सेटिंग पाहिलं, ते स्वच्छ होतं. शेवटी ॲडडब्ल्यूक्लीनर हे मोफत साधन त्याच्या मूळ साइटवरून उतरवून फिरवलं, त्यानंही थोडा गाळ काढला. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही अशी मोफत साधनं मिळतात.

एक चोरवाट तरीही राहिली होती. क्रोमला गूगल खातं जोडलेलं असलं की एक्स्टेन्शनही त्या खात्यासोबत फिरतात. घरच्या लॅपटॉपवर माझंच खातं होतं, तिथून ते दुकानात परतलं असतं. म्हणून लॅपटॉपवरूनही काढलं आणि खात्यात साठलेला सिंकचा डेटा पुसला. फॉरमॅटनं ज्यांचा प्रश्न सुटत नाही, त्यांनी ही जागा जरूर पाहावी.

एवढी खटपट कोणी कशासाठी करतं? तलावाचं पाणी पाटानं आपल्या बांधीकडे येत असताना वरच्या माणसानं रात्री पाट फोडून ते आपल्याकडे वळवावं, तसा हा धंदा आहे. माझा प्रत्येक शोध त्यांच्या पानावरून वाहून नेला की जाहिरातदाराकडून त्यांना पैसे मिळतात. एका शोधाचे पैसे किरकोळ, पण कॉम्प्युटर लाखोंनी असतात. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं फायरबॉल नावाच्या अशाच मालवेअरचा अहवाल काढला. जगभरात २५ कोटी कॉम्प्युटर बाधित असल्याचा तिचा अंदाज होता आणि सर्वांत जास्त, अडीच कोटींहून अधिक, भारतात. मायक्रोसॉफ्टनं हा आकडा फुगलेला असल्याचं सांगितलं. आकडा कमी धरला तरी आपला देश या लोकांचं मोठं शेत आहे, हे उघड आहे.

आणि ते एक्स्टेन्शन आलं कुठून? उतरवलेल्या फाइलींच्या तारखा जुळवल्या तेव्हा छडा लागला. सरकारी पोर्टलवर कागद ठरावीक मापातच चढतो. ‘आपले सरकार’ पोर्टलवर दस्तऐवज ७५ ते ५०० केबीत बसवायचा आणि फोटो २० केबीच्या आत. माप चुकलं की अर्ज पुढे सरकत नाही. मग रांगेतला माणूस घड्याळाकडे पाहत असताना केंद्रचालक ‘पीडीएफ लहान करा फ्री’ असं शोधतो आणि हिरव्या डाउनलोड बटणांच्या जंगलात शिरतो. त्यात खरं बटण एखादंच असतं. जुन्या मराठी फाँटच्या शोधातही हाच सापळा लावलेला असतो. पोर्टल बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कागद लहान करण्याची सोय त्याच पानावर द्या. राज्यभरातली केंद्रं या एका अडचणीपायी नको त्या दारात जात आहेत.

आता मी फोटो विंडोजच्या पेंटमध्येच लहान करते. स्कॅन करतानाच रिझोल्यूशन उतरवते. रिसाइझच्या नावाखाली एकही साधन बसवत नाही. ग्राहकाचं काम क्रोमच्या गेस्ट खिडकीत करते, ती बंद केली की मागे पासवर्ड राहत नाही. सरकारी पत्ते शोधायचेच नाहीत, म्हणून सगळे बुकमार्क करून ठेवले आणि पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन आहे का, हे ग्राहकालाही बोट ठेवून दाखवते.

साफसफाईनंतरचं काम जास्त गरजेचं होतं. तसल्या एक्स्टेन्शनला उघडलेल्या प्रत्येक पानावरचा मजकूर वाचण्याची परवानगी असते. म्हणजे त्या काळात माझ्या टेबलावर टाकलेला कुठलाही पासवर्ड उघडा पडलेला असू शकतो. मी माझे सारे पासवर्ड मोबाइलवरून बदलले. मग वहीतली नावं पाहून लोकांना फोन लावले: पासवर्ड बदला, खात्याचे मेसेज नीट पाहा, कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका, पैसे गेल्याचं दिसताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. काहींना वाटलं, बाई उगाच घाबरवते. काही त्याच दिवशी पासबुक घेऊन आले आणि आम्ही एकेक नोंद वाचली.

ही गोष्ट गावात पसरल्यावर लोक आपापले मोबाइल घेऊन येऊ लागले. शेजारच्या मोहल्ल्यातले एक काकाजी आले. “पाह्य जी बाई, फोन उचलला का आंगावर जाहिरात येते. काहून येते ते?” ब्राउझर उघडलेला नसतानाही पूर्ण पडदाभर जाहिरात येत होती, म्हणजे करणी कुठल्या तरी ॲपची. यावर सोपी युक्ती आहे. जाहिरात पडद्यावर असतानाच चालू ॲपची यादी दाखवणारं बटण दाबायचं. जाहिरातीच्या चौकटीवर तिच्या धन्याचं चिन्ह दिसतं. काकाजींच्या फोनमध्ये ते टॉर्चचं ॲप निघालं, नातवानं कधी तरी टाकलेलं. फोनमध्ये कंपनीचीच टॉर्च असते, ती वरून पडदा ओढून दाखवली आणि ते ॲप काढलं. बदमाश ॲप स्वतःला काढू देत नसेल, तर डिव्हाइस ॲडमिनच्या यादीतून त्याचं नाव आधी वगळावं लागतं. इथे ती गरज पडली नाही.

काकाजींनी फोन दोनदा बंद-चालू करून पाहिला, टॉर्च लावून विझवली आणि खुर्ची पुढे ओढली. “आता पीएम किसानचा हप्ता आला का, तेवढं पाहून दे.” मी बुकमार्कवर क्लिक केलं.